सोपानआबा आणि खालच्या फळीवरचा ब्रेड

आमच्या नांद्याच्या सुपरमार्केटात शनिवारी सकाळी ब्रेडच्या फळीपुढे एक पांढरी टोपी उकिडवी बसलेली दिसली, तर आपली ट्रॉली सरळ डाळींच्या बाजूने न्यावी. टोपीचे मालक सोपानआबा तासभर तरी उठणार नसतात. कमी कॅलरीचे ब्रेड सगळ्यात खालच्या फळीवर असतात, म्हणून आबांची बैठकही तिथेच. पाच-सहा पुडे ते फरशीवर ओळीने मांडतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि एकेक पुडा उलटा करून मागचा मजकूर वाचू लागतात. जमिनीचा सातबारासुद्धा त्यांनी कधी इतक्या निगुतीने वाचला नसेल.

आमची पहिली भेट तिथलीच. डॉक्टरांनी माझ्या साखरेवरून मला झापलं होतं आणि मीही त्याच फळीपुढे वाकले होते. आबांनी मान वर करून विचारलं, "बाई, तुमी शाळेतल्या का?" मी तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण हे त्यांना कसं कळलं? "तोंडावरनं दिसतंय," ते म्हणाले. हे मला फारसं आवडलं नाही. मग त्यांनी एक पुडा माझ्या हातात दिला. "हितलं जरा वाचा. लई बारीक हाय. कॅलऱ्या किती लिवल्यात?"

मी कुठे राहते हेही त्यांनी विचारून घेतलं. सी विंग, असं सांगितलं तर म्हणाले, "मंजी माज्या थोरल्या खाचरात." आमची सोसायटी उभी आहे तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत आबांचा भात होता. विंगांची नावं ते मानतच नाहीत. एकदा पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, कमिटीने बैठक बोलावली, बिल्डरला पत्र लिहिलं. आबा शांतपणे म्हणाले, "थोरल्या खाचरात पानी न्हाई ऱ्हायचं, तर कुटं ऱ्हायचं?"

तर ब्रेड. आबा तो आधी दाबून बघतात, मग हातावर तोलतात, मग भाजीच्या काट्याकडे घेऊन जातात. तिथल्या मुलीने त्यांना अनेकदा सांगितलं, की आबा, वजन पुड्यावर छापलेलं असतं. छापलेल्यावर आबांचा विश्वास नाही. एकदा तिने घाईत ब्रेडवर दुधी भोपळ्याचं लेबल चिकटवलं आणि आबा निमूटपणे ते घेऊन गल्ल्यावर गेले. त्या दिवशी सगळी रांग त्यांच्या नावाने खडे फोडत होती, आणि त्यात मीही होते.

पण माणसाचा अभ्यास पक्का. एका शनिवारी त्यांनी दोन पुडे माझ्यापुढे धरले. एकावर एका स्लाइसला ऐंशी कॅलरी, दुसऱ्यावर पन्नास. मी अर्थातच पन्नासवाला उचलला. आबा हसले. दोन्ही पुडे त्यांनी शेजारी शेजारी धरले आणि बोटाने जाडी मोजून दाखवली. पन्नासवाल्याचा काप निम्म्याने पातळ होता.

"एकराचं इचारलं की गुंठ्याचं सांगत्यात," आबा म्हणाले. "जमिनीवाले बी असंच करत्यात."

गणिताच्या बाईंना गणित शिकवून ते पुन्हा खाली बसले. तेव्हापासून मी ब्रेड घेताना शंभर ग्रॅमचा आकडा बघते.

एवढं सगळं कशासाठी, हे मात्र मला उमगत नव्हतं. आबांच्या अंगावर पाव किलो जास्तीचं मांस नाही. सत्तरी ओलांडली तरी तरातरा चालतात. शेवटी मी विचारलंच, की आबा, तुम्हाला कसलं डाएट? ते म्हणाले, "मी कशाला खातुया असला कापूस? वैशीसाठी नेतोय." वैशी म्हणजे वैशाली, त्यांची मुलगी. हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे आणि तिथेच राहते. मला वाटलं, दर रविवारी येत असेल माहेरी.

ती तीन वर्षांत घरात पाय ठेवायला आलेली नाही, हे मला त्यांच्या ओसरीवर चहा पिताना समजलं. उरलेली जमीन विकायची ठरली तेव्हा आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बहिणीने भावासाठी हक्क सोडल्याची सही आबांच्या मुलाला हवी होती. वैशालीला पौडच्या नोंदणी कचेरीत बोलावलं. तिने एक शब्द न काढता सही केली. मग घरी आणलं. रीत अशी, की सही करणारीला साडी द्यायची, जेवू घालायचं आणि हसतमुखाने पाठवायचं. काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, चुलीवर भाकऱ्या केल्या होत्या, कोंबडी शिजवली होती. वैशाली ताटापाशी बसलीच नाही. म्हणाली, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, मी भाकरी सोडलीये, फक्त तो कमी कॅलरीचा ब्रेड खाते. पाणीसुद्धा न पिता गेली. साडी खाटेवरच राहिली.

"लेक उपाशी गेली बगा दारातनं," आबा म्हणाले. "घरात तो पाव नव्हता."

माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. मी त्यांना समजावायला लागले, की आबा, ब्रेड हे नुसतं निमित्त होतं, आणि भाकरी तर डॉक्टर स्वतःहून खायला सांगतात. आबांनी मला बोलू दिलं. कपबशी खाली ठेवली.

"बाई, मी अडानी हाय, खुळा न्हाई. तिनं एक कारन सांगितलं आन् एक न्हाई सांगितलं. न सांगितलेलं कागदावर गेलं. आता पोरगा बी ऐकायचा न्हाई आन् कागद बी फिरायचा न्हाई. सांगितलेलं तेवढं तरी घरात आनून ठिवावं का न्हाई मी?"

मला त्यांचा राग आला. सही मागताना ही माया कुठे गेली होती, असं अगदी ओठावर आलं. पण मीही माझ्या भावांना अशीच सही दिली होती. मी तर जेवलेही होते, आणि ती साडी पुढे चांगली चार-पाच वर्षं नेसले होते. म्हणून मी नुसता चहा संपवला. त्या दिवसापासून शनिवारी मी घरून भिंग घेऊन जायला लागले.

यंदा गावच्या जत्रेला काकूंनी फोनवर फार गळ घातली आणि वैशाली येते म्हणाली. आबांनी त्या शनिवारी सगळी फळी रिकामी केली. तारीख बघितली, वजन केलं, जाडी मोजली, आणि निवडलेला पुडा पिशवीत न ठेवता हातात धरून घरी नेला. मलाही जेवायला बोलावलं होतं. मला वाटतं, त्यांना कोणीतरी सोबत हवं होतं.

वैशाली आली. चाळिशीची, चष्मा लावलेली, आणि तोंडावळा थेट आबांचा. ताटं वाढली, मटणाचा रस्सा वाढला. आबांनी तो पुडा आणून तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. तिने पुडा उचलला, उलटा केला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि मागचा मजकूर वाचायला लागली. मग दाबून बघितला. मी आबांकडे बघायचं टाळलं.

"हा इथे कोण खातं?" तिने विचारलं.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. काकूंना मात्र राहवलं नाही.

"दर शनवारी आनत्यात तुज्यासाटी. तीन वर्सं झाली. शुक्रवारपोत्तर वाट बगत्यात आन् मंग म्हशीला घालत्यात. म्हस बारीक व्हाया लागली आता."

वैशाली बराच वेळ पुड्याच्या चिमट्याशी खेळत राहिली. मग तिने तो उघडला, दोन काप काढले, एक मोडून रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. आबा उठले, म्हशीला बांधून येतो म्हणाले. म्हैस सकाळपासून बांधलेलीच होती.

ती निघाली तेव्हा साडीचा विषय कोणी काढला नाही. सहीचाही नाही. उंबऱ्यात चपला घालताना ती एवढंच म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी पूर्ण गव्हाचा आणा. ह्यात नुसता मैदा आहे."

तीन वर्षांच्या अभ्यासावर एका वाक्यात पाणी. मला वाटलं, आबा आता वाद घालतील, भाजीच्या काट्याचे दाखले देतील. ते नुसते मान हलवत राहिले.

पुढच्या शनिवारी ते फळीपुढे बसलेच होते. मी भिंग काढलं आणि गव्हाचा शोधायचा ना, असं विचारलं. आबांनी पुडा हातात घेतला, पण तो उलटा करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"बाई, तुमी हुता न्हवं तितं?" ते म्हणाले. "पुढच्या वेळी, म्हनाली ती."