आसोलखोलचा टेक्निकल हॉल्ट

गाडी थांबणं वेगळं आणि गाडीला थांबा असणं वेगळं. हे ज्याला कळलं त्याला रेल्वे कळली. आणि ज्याला रेल्वे कळली त्याला आयुष्यात आणखी काही कळून घ्यायची गरज उरत नाही.

सावंतवाडीच्या अलीकडे आसोलखोल नावाचं गाव आहे. तिथे सकाळची पॅसेंजर रोज आठ दहाला उभी राहते आणि समोरची एक्सप्रेस निघून गेली की आठ अठ्ठावीसला हलते. याला क्रॉसिंग म्हणतात. (गावात 'गाडी क्रॉशिंगाक पडली' म्हणतात, माणूस अंथरुणाला पडतो तसं.) रेल्वेमुळे गावात इंग्रजीचा प्रसार झपाट्याने झाला. एकशे त्रेचाळीस माणसांपैकी नऊ जणांना इंग्रजी वाचता येतं, एकशे चाळीस जणांना 'सिग्नल' कळतो, आणि 'लेट' तर पाळण्यातल्या उरलेल्या तिघांनाही.

गुरुदास बावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात बाराखडी शिकला. उशिरा मिळालेली वस्तू माणूस जपतो; छापील शब्दावर त्याची फार श्रद्धा. त्याच्या थोरल्या बहिणीला, तुळसाबायला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. गुरुवार, सकाळी दहा, सावंतवाडी. गावातली एस.टी. साडेअकराची. आधीची तारीख तशीच हुकली होती, आणि ही हुकली तर पुढची चार महिन्यांनी. तोवर नजर किती उरेल, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

आणि गाडी तर रोज अंगणासमोर उभी.

गुरुदासाने रीतसर अर्ज केला : 'आमच्या गावी हॉल्ट द्यावा.' उत्तर आठवड्यात आलं. 'आसोलखोल येथे टेक्निकल हॉल्ट पूर्वीपासून उपलब्ध आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"हॉल्ट आसाच म्हणतत!" गुरुदास ओरडला. "आमकाच ठावक नाय होता!" देवळात नारळ फुटला.

'टेक्निकल' या शब्दाचा तेवढा अर्थ विचारायला तो मागच्या गावच्या स्टेशनवर गेला. तिथल्या बाबूंनी शांतपणे समजावलं. टेक्निकल हॉल्ट गाडीसाठी असतो. माणसांसाठी असतो तो कमर्शियल हॉल्ट. तो मिळायला त्या जागेहून तिकिटं विकली गेलेली असावी लागतात. आसोलखोलहून आजवर एकही विकलं गेलेलं नाही (तिथे खिडकी नाही), म्हणजे मागणी नाही. आणि मागणी नाही म्हणून खिडकी नाही. तर्क रुळासारखा सरळ होता.

गुरुवारी गुरुदासाने पुतणीकडून मोबाईलवर मागच्या स्टेशनापासूनचं तिकीट काढून घेतलं आणि बहिणीला हाताला धरून रुळांपाशी आणलं. गार्ड पाय मोकळे करायला खाली उतरला होता.

"आजोबा, ही गाडी इथे थांबत नाही."

"मग ही उभी आसा ती?"

"टेक्निकली उभी आहे."

"काय म्हणता रे तो?" तुळसाबायने विचारलं.

"गाडी थांबाक नाय म्हणता."

"झिला," तुळसाबाय आवाजाच्या दिशेने म्हणाली, "मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आसा. तुका काय झाला?"

गार्डाने घड्याळ पाहिलं. गाडी पाहिली. मग करवंदीच्या जाळीकडे तोंड फिरवून म्हणाला, "मी आता टेक्निकली तिकडे बघतोय."

फलाट नसल्यामुळे पायरी छातीएवढी उंच. गुरुदासाने बहिणीला खालून उचललं. वरून कुणी हात दिला की झालं. दारात तिघे उभे होते. "आजी, इथे स्टॉप नाहीये," त्यातल्या एकाने अत्यंत शुद्ध मराठीत समजावलं. "कुठूनही चढतात," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने दार लावून घेतलं.

आठ अठ्ठावीसला गाडी हलली. वेळेवर.

इथवर तुम्ही रेल्वेला हसलात, ते योग्यच केलंत. फक्त एवढं लक्षात असू द्या, की गार्ड त्या वेळी खाली होता आणि डब्याच्या दाराची कडी आतून लागते. तुम्ही खिडकीशी बसला होतात आणि 'गाडी का थांबली आहे?' असं तिसऱ्यांदा विचारत होतात.