आजोबांची चाचणी

"या वेळी मला नापास करणारा अजून जन्माला यायचाय!" बबडीने घरात जाहीर करून टाकलं. बबडी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या सत्रात तिचा प्रकल्प साफ आपटला होता. हाही आपटला, तर अख्खं वर्ष पाण्यात! पण या खेपेला तिच्याकडे हुकमी एक्का होता: आजोबांचे थरथरते हात!

ज्यांचे हात कापतात त्यांच्यासाठी तिने न उचलता ओतायची किटली बनवली होती. स्टँडवर बसवलेली. मूठ पुढे ढकलली की किटली जागच्या जागी कलणार आणि कप भरणार. परीक्षकांसमोर आजोबा आधी साध्या किटलीतून ओततील, निम्मं टेबलावर सांडेल; मग हिच्या किटलीतून ओततील, थेंबही सांडणार नाही. झालं, पास!

"आजोबा, गुरुवारी कॉलेजात तुमची चाचणी आहे हं!"

"माझी?"

"हो. साध्या किटलीतून कपात पाणी ओतायचं. तुमच्यावरच माझा निकाल आहे!"

इथेच घोटाळा झाला. आजोबा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं इवलेइवले काटे बसवलेला माणूस. नातीचं वर्ष आपल्या हातात आहे म्हटल्यावर ते कसले स्वस्थ बसतात! बबडी कॉलेजात गेली रे गेली, की यांचा स्वयंपाकघरात सराव सुरू. ओटा पुसून पुसून आजी कावली. बबडी घरी येऊन विचारायची, "आजी, नळ गळतोय का गं?" आजी बिचारी नुसती मान हलवायची, कारण आजोबांनी तिला गप्प राहायची ताकीद दिली होती.

गुरुवारी आजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून परीक्षक बाईंसमोर बसले. कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास रोखला आणि ओतलं. कप काठोकाठ. टेबल कोरडं ठाक!

"वा!" बाई म्हणाल्या.

बबडी आजोबांच्या कानाशी वाकली. "आजोबा, नेहमीसारखं ओता ना!"

"गप गं. मध्ये बोलू नकोस!"

दुसरा कप. तोही तसाच.

"यांना तुझ्या किटलीची गरज काय?" बाईंनी विचारलं.

"अहो बाई, यांचे हात कापतात! रोज कापतात!"

"चारचौघांत अब्रू काय काढतेस गं?" आजोबा भडकले.

बबडीने घाईघाईने आपली किटली पुढे सरकवली. आजोबांचा चेहरा पडला. "ही? ही तर अभ्यासक्रमात नव्हती!"

"नुसतं ढकला, आजोबा!"

पण आठवडाभर घटवलेलं असं थोडंच विसरलं जातं? त्यांनी कोपर टेकवलं, श्वास रोखला आणि किटली उचलली, स्टँडसकट! निम्मं पाणी बाईंच्या गुणपत्रिकांवर आणि उरलेलं थेट बाईंच्या मांडीवर.

ओल्या कागदावर बाईंनी लिहिलं, "आजोबा उत्तम. किटली नापास. महिन्याने पुन्हा दाखवणे."

परतताना बबडीला रडूच कोसळलं. "आजोबा, तुम्ही साध्या किटलीतून सांडायला हवं होतं हो! त्यासाठीच तर नेलं होतं तुम्हाला!"

आजोबा रस्त्यातच थबकले.

"अगं मग तसं आधी सांगायचंस ना, बाई! सांडायला का मला सराव लागतो?"