पिलर जागचा हलला तर

नळ आणि पाइपांच्या त्या मोठ्या दुकानात साहेब पगारवाढ देत नसत, उपमा देत. टेम्पोच्या ड्रायव्हरने वाढ मागितली, तेव्हा तो दुकानाचं 'इंजिन' झाला. कॅशियरबाईंनी कंबरदुखीमुळे नवी खुर्ची मागितली. त्यांना 'बॅकबोन' ठरवून जुन्याच खुर्चीवर परत पाठवण्यात आलं. गोदाम सांभाळणाऱ्या भाऊंनी शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा तर साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"भाऊ, तुम्ही आपले पिलर. पिलर जागचा हलला तर छत खाली नाही का येणार?"

भाऊ विरघळले. घरी जाऊन त्यांनी हे चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. बायकोने नुसतं "बरं" म्हटलं, आणि तिचं 'बरं' कधीच बरं नसे. कारण शनिवारी दुपारी लेकीची धावण्याची शर्यत होती. मागच्या दोन्ही शर्यतींना "येतो" म्हणून बाबा आले नव्हते.

लेक बुटात नाडी ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "पिलर एका जागी उभा असतो, बाबा. तुम्ही तर दिवसभर पळता. माझ्याऐवजी तुम्हीच उतरा शर्यतीत."

पोरगी खोटं काहीच बोलली नव्हती. दुकानाची रीतच तशी होती. गिऱ्हाइकाने काउंटरवर वस्तू मागायची, काउंटरवाल्याने "भाऊ" अशी हाक द्यायची आणि भाऊंनी मागच्या गोदामात धाव घ्यायची. कुठली वस्तू कुठे आहे, हे शिकून घेण्याची गरज कधी कुणाला पडलीच नव्हती.

शनिवारी भाऊ गोदामाच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले. पहिली हाक आली. भाऊ ढिम्म.

"मी हललो तर छत खाली येईल," ते अदबीने काउंटरवाल्याला म्हणाले. "वॉशर डावीकडे, निळ्या डब्यात."

काउंटरवाला कुरकुरत आत गेला आणि वॉशर घेऊन बाहेर आला. त्याचा त्यालाच अचंबा वाटला. मग कॅशियरबाई स्वतः उठून तोटी घेऊन आल्या. तेवढाच कमरेला आराम. एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पाणी तुंबलं होतं. त्याला दम धरवेना, म्हणून तो थेट आत घुसला. त्याच्या मागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. भाऊ दारातून फळी सांगत होते आणि लोक आपापली वस्तू शोधत होते.

कालवा ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. एक गिऱ्हाईक शॉवर मागत होतं. "एवढं काय अवघड आहे? मी काढतो शॉवर," असं म्हणत ते भाऊंना वळसा घालून आत शिरले. भाऊंनी वरचा खोका सांगितला. साहेबांनी खालचा ओढला. वरची चळत पाइपांच्या जोडांसकट घरंगळली, आणि तिला चुकवायला मागे सरलेले साहेब थेट विक्रीच्या बाथटबमध्ये बसले. त्यातून त्यांना उठता येईना.

"भाऊ, बघताय काय? या की इकडे!"

"येतो की. पण साहेब, छत?"

"छताला काही होत नाही हो! तुम्ही हला!"

सगळे ऐकत होते.

भाऊंनी साहेबांना हात धरून उठवलं, त्यांच्या कोटावरची धूळ झटकली आणि विचारलं, "मग निघू? लेकीची शर्यत आहे."

साहेब काही बोलायच्या आत कॅशियरबाई म्हणाल्या, "निघा भाऊ. वॉशर निळ्या डब्यात. सापडतंय आम्हाला."

भाऊ पळतच मैदानावर पोचले. शिट्टी झाली. लेकीने वळणावर दोघींना मागे टाकलं, शेवटी तिसरीलाही, आणि फीत तिच्या छातीला लागली. भाऊ बाकावर चढून नाचायला लागले. मागच्या रांगेतल्या आजी वैतागल्या. "अहो, जरा एका जागी उभे राहाल का?"

"नाही हो आजी," भाऊ म्हणाले, "ते काम सकाळीच उरकलंय."