सावळाराम मास्तरांचा स्वावलंबी शिष्य

"बोट धरून शिकवलेला शिष्य जन्माचा पांगळा!" असं सावळाराम मास्तर बारामतीच्या पेठेत छातीठोकपणे सांगत. त्यांच्याकडे पेटी शिकताना प्रश्न विचारायची सोयच नव्हती. पणदऱ्याचा वांगी पिकवणारा गेणू काकुळतीला येऊन म्हणे, "मास्तर, हितनं म्होरं कुठं जाऊ?"

मास्तर घट्ट डोळे मिटून घेत. "स्वतः शोध! माझ्याकडे बघायचं नाही!"

पुढे पेठेतल्या हॉटेलात ग्रामोफोन आला आणि शिष्य पांगले. उरला एकटा गेणू. अशात पणदऱ्याच्या आप्पासाहेबांचा निरोप आला. गावच्या भजनी मंडळाला मास्तर हवा होता. राहायला खोली, वर्षाचं धान्य. फक्त यात्रेत एकदा गाऊन दाखवायचं.

"ही जागा गेली तर मी माहेरी चालले," मास्तरांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी बजावलं.

"अगं, मी गाणार आणि साथीला गेणू! शिष्य बघून गुरूची किंमत कळेल!"

कळली! मास्तरांनी अभंग उचलला. गेणूनं मान खाली घालून सूर धरला, तो स्वतःचाच! मास्तर वर चढले की पेटी खाली. मास्तर श्वासाला थांबले की पेटी उधळलेल्या खोंडासारखी पुढं. पखवाजवाला बिरदेव थोडा वेळ गोंधळला, मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागं, म्हणजे पेटीच्या मागं गेला. मास्तर डोळे वटारून, खाकरून दमले.

"गेण्या, अरे माझ्याकडे बघ!"

"मेलो तरी बघनार न्हाय, मास्तर!" गेणू अभिमानानं ओरडला. "तुमचीच शिकवन हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांचा आवाज त्यात बुडाला तो बुडालाच.

आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं गेणूला फेटा बांधला. "आपल्याच गावचा गडी हाय. आन् गानाऱ्याबिगर वाजिवतो! भाईरचा मास्तर कशाला पायजे?"

मास्तर देवळामागच्या ओट्यावर जाऊन बसले. जागा गेली, आता बायकोही जाणार. त्यांना रडूच कोसळलं. तेवढ्यात गेणू फेट्यासकट पाया पडायला आला.

"गेण्या, आता मी कुठं जाऊ रे?"

गेणूला गलबलून आलं. काहीतरी सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलंही. पण गुरूला जन्माचं पांगळं करायचं पाप कोण घेईल! त्यानं घट्ट डोळे मिटून घेतले.

"सोता शोधा, मास्तर!"