सड्यावरचे वॉचमन

चुकांची माफी आधीच मागते. माझी शाळा चौथीत सुटली आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण भल्या मोठ्या गव्याला शिटी मारून "कुणाकडं जायचंय?" असं विचारणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. ते कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी दत्ताराम भावोजी, आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. सगळा जन्म मुंबईत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. बायको वारली, नोकरी संपली, तसे मुलाची खोली सोडून एकटेच गावी आले. रक्तात साखर निघाली म्हणून देवरूखच्या डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. भावोजी धावायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "चालणं म्हणजे ड्युटी, वैनी. लय राउंड मारले. आता सुट्टी. आता धावणार."

खाकी पँट, गळ्यात शिटी, हातात काठी. उजाडलं की हा अवतार आमच्या दगडी गडग्याला वळसा घालून वर सड्यावर, कातळाच्या माळावर, धावत जातो. मी त्याच वेळी शेळ्या घेऊन जाते, म्हणून मला सगळं दिसतं. ते धावतात कमी आणि थांबतात जास्त. वाटेत जो प्राणी भेटेल त्याची चौकशी केल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नाही.

मुंगूस आडवं गेलं की ओरडतात, "ओ, पास कुठाय?" घोरपड कातळावर ऊन खात पडलेली असते, तिला म्हणतात, "आज पण लेट? खाडा लावू काय?" मोराला मात्र काही विचारत नाहीत. "लग्नाला निघालेल्या माणसाला अडवू नये," म्हणतात.

गवा भेटला तो दिवस धुक्याचा होता. दहा पावलांवर काळा डोंगर उभा राहिला. मी शेळ्यांसकट करवंदीच्या जाळीमागे बसले. भावोजींनी सवयीने शिटी मारली. "कुणाकडं जायचंय?"

गव्याने नाक फेंदारलं. भावोजी झटकन बाजूला झाले, काठी छातीशी धरून ताठ उभे राहिले आणि त्यांनी चक्क सलाम ठोकला. गवा सावकाश निघून गेला.

मी म्हटलं, "ह्याचा पास नाय बघितलात?"

"काय बोलता वैनी! मोठ्या साहेबांची गाडी कोण अडवतो?"

त्या दिवशी मात्र पुढे न धावता शेळ्यांच्या मागून चालत घरी आले.

त्या संध्याकाळी मुंबईहून त्यांच्या मुलाचा, प्रमोदचा फोन आला. भावोजी पडवीत बसून इतक्या मोठ्याने बोलतात की मला भांडी घासताना ऐकू येतं. "एकटा कुठला रे? येणारे-जाणारे काय कमी आहेत? आज तिघं भेटले. एक तर मोठे साहेब होते."

मी कढई हातात धरून तशीच थांबले. दिवसभर त्यांच्या अंगणात कोणी आलं नव्हतं. साहेब म्हणजे गवा. उरलेले दोघे मुंगूस आणि मोर असावेत.

पुढे पिल्लं घेऊन निघालेल्या एका रानडुकरिणीने त्यांची चौकशी ऐकूनच घेतली नाही. मी पोचले तेव्हा एक बूट खाली आणि भावोजी काजूच्या झाडावर.

"तुम्ही व्हा पुढं," वरून म्हणाले. "मी जरा उंचावरून पहारा देतोय."

"उतरा आता. गेली ती."

"कुठल्या बाजूला गेली ते सांगा आधी."

ही गोष्ट वाडीतून मुंबईला पोचली. रविवारी प्रमोद गाडी घेऊनच आला. "बाबा, बॅग भरा. इथं एकटं राहायचं नाय."

"एकटा नाय रे. माझ्याकडं येतात ना."

"कोण येतात? नावं सांगा."

भावोजी खाली मान घालून पँटला चिकटलेली कुसळं काढत बसले. एकेक काढून ओळीने खाली ठेवत होते. मी आणि हे गडग्याशी उभे होतो. प्रमोदने मला पाहिलं.

"काकी, तुम्ही खोटं बोलायच्या नाय. बाबांकडं खरंच कोण येतं?"

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. हळदीकुंकवालाही मी दाराजवळ बसते आणि पहिली उठते. भावोजी गावी आल्यापासून त्यांच्या पडवीची पायरी मी एकदाही चढले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं, "आम्ही येतो. मी आणि हे. रोज, चहाला."

हे मागे जोरात खोकले. मी वळून बघितलं नाही. मग हेच म्हणाले, "व्हय. येतो की."

प्रमोदने आधी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघितलं. मग हसला आणि आत जाऊन स्टोव्हवर आधण ठेवलं. त्या दिवशी चौघांनी चहा घेतला. निघताना मला म्हणाला, "काकी, परत झाडावर चढले तर मला फोन करा." बॅग रिकामीच राहिली.

रोज म्हटलं होतं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो. आता वर्ष होत आलं. चहा भावोजीच करतात. पत्ती आधी की दूध आधी, हे मला रोज विचारतात. मी रोज सांगते.