डोहाची सुनावणी आणि जावई

या वेळी गडबड होणं शक्यच नाही, असं लोरेलने साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. तयारीच तशी होती. पवित्र जागा जपायच्या वारसा कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकार एकदाच येणार, दीड तास बसणार आणि बाराच्या विमानाने परत जाणार. खाणीचा रस्ता बायकांच्या पवित्र डोहावरून न्यायचा की नाही, ते या दीड तासावर ठरणार. डोहाबद्दल बोलायचा हक्क एकट्या नेरिडा मावशीचा, आणि तोही पुरुषांच्या कानावर पडू न देता. म्हणून लोरेलने बाळाला पाजता पाजता, एका हाताने आठ पत्रं लिहून अधिकारी बाईच मागवली. हॉलमधून झाडून सगळे पुरुष हाकलले. नवऱ्याला, क्लिफ्टनला, बाळ देऊन लांब गाडीत बसवलं.

“इथून हलायचं नाही.”

“आणि बाळ रडलं तर?”

“तूही रड. पण गाडीत.”

लोरेलची मावशी म्हणजे तिची आईच, तेव्हा क्लिफ्टनची ती सासू. सासू-जावयाने एकमेकांसमोर यायचं नाही, हे त्या आदिवासी गावातलं पोर चालायच्या आधी शिकतं.

अधिकारी प्रेंटिस बाई आल्या. फार भल्या होत्या, तेच नडलं. मावशीने सावकाश चहा घेतला आणि अर्धा तास जमिनीकडे बघत बसली.

“त्या बोलणार आहेत ना?” बाईंनी हळूच विचारलं.

“ही सुरुवातच आहे,” लोरेल म्हणाली.

अखेर मावशीने घसा साफ केला. “आजीने मला पहिल्यांदा त्या डोहावर नेलं, तेव्हा...”

बाहेर बाळाने टाहो फोडला. लोरेलला पान्हा फुटला, कपड्यावरचा ओला डाग कुठे लपवावा कळेना, पण ती जागची हलली नाही. हलल्या त्या प्रेंटिस बाई. “चालू द्या, रेकॉर्डिंग होतंय,” म्हणत बाहेर गेल्या आणि बाळाला कडेवर घेऊन आल्या. बाळामागे क्लिफ्टन, “अहो बाई, मला आत नाही येता येत,” म्हणत थेट आत.

“इथे सगळ्यांचं स्वागत आहे. बसा की, या आजींच्या शेजारी.”

मावशीने टेबलावरची चादर कपबशांसकट डोक्यावर ओढली आणि मागच्या दाराने निघाली. क्लिफ्टन टोपी तोंडावर धरून पुढच्या दाराने पळाला. दोघांनी हॉलला वळसा घातला, म्हणजे कोपऱ्यावर पुन्हा समोरासमोर. दोघं उलटे फिरले, तर पलीकडच्या कोपऱ्यावर तेच. मागून बाळासकट प्रेंटिस बाई, “माझं काही चुकलं का?” असं दोघांनाही विचारत.

क्लिफ्टन गाडी घेऊन गेला तो दिवसभर दिसला नाही. मावशीने घरात जाऊन कडी लावली. इतकी लाज वाटल्यावर त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द निघणार नव्हता.

“तुम्ही सांगा ना,” प्रेंटिस बाई लोरेलला म्हणाल्या. “माहीत आहे ना तुम्हाला?”

“आहे. पण ते मी सांगायचं नाही.”

बाईंनी घड्याळ बघितलं, काहीतरी लिहिलं आणि बाळाचा पापा घेऊन विमानाकडे गेल्या.

महिन्याभराने पत्र आलं. चर्चा खेळीमेळीत पार पडली. हरकती, शून्य. रस्त्याचं काम सोमवारपासून.

लोरेलने ते मावशीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचून ते चुरगाळलं.

मावशीने ते उलगडून सरळ केलं आणि चहाच्या कपाखाली ठेवलं. मग म्हणाली, “त्या बाईवर रागावू नकोस गं. बिचारीला जावई नसेल.”