शमुभाऊ आणि बिननावाचे रंग

शमुभाऊ साळवे साडीकडे बघत नसत. कोल्हारच्या बाजारात एका कापडदुकानाच्या गादीवर या माणसाने उभी हयात साड्या विकल्या. पण पदर उलगडून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकला की यांची नजर थेट तिच्या चेहऱ्यावर. "आंगावर टाकून बगा, ताई," म्हणायचं, जरा थांबायचं आणि निकाल द्यायचा, "हीच." ताई मुकाट्याने तीच घेऊन जायच्या. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले लोक शमुभाऊ आहेत का, हे विचारूनच दुकानाची पायरी चढत. रंग म्हणजे शमुभाऊ. काम सुटल्यावर हा एकच मान त्यांच्याकडे उरला होता आणि तो ते जिवापाड जपत.

म्हणूनच आमच्या छोट्याशा चर्चमध्ये नाताळच्या नाटिकेसाठी पहिल्यांदा स्टेजचे चार दिवे आले, तेव्हा पाळकसाहेबांनी रंगांचं काम त्यांच्यावर सोपवलं. सोबतीला मी. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे मला प्रकाश कळत असणार, असा त्यांचा समज. तोवर येशूजन्माचा आमचा गव्हाणीचा देखावा ट्यूबलाइटखालीच असायचा. दिव्यापुढे रंगीत जिलेटिनचा कागद लावतात, एवढं मला ठाऊक होतं. कुठला लावतात, ते दिवेवाल्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने नमुन्यांचं शेडकार्ड हातात ठेवलं आणि तो निघून गेला.

शमुभाऊंना पहिला धक्का तिथेच बसला. कार्डावर रंगांची नावं नव्हती, नुसते आकडे.

"रंगाला नंबर?" ते म्हणाले. "कैदी हायेत का ते, सर?"

मग आम्ही बसलो निवडायला. ते एकेक तुकडा बल्बसमोर धरत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "हा बदामी चेहऱ्यांना बरा दिसेल," की ते लगेच म्हणत, "मी त्योच म्हननार हुतो." मेंढपाळांच्या रात्रीला निळा, कुरणाला पोपटी, गव्हाणीला केशरी. सगळे रंग त्यांनी 'निवडले' आणि सगळे मी सुचवले होते, हे घरी जाऊन चहा पिताना माझ्या लक्षात आलं. माणूस मोठ्या मनाचा, दुसऱ्याला बोलू देतो, असं मी बायकोला सांगितलं.

रंगीत तालमीच्या दिवशी मला शाळेतून यायला उशीर झाला. दिवेवाल्याने कापून पाठवलेले कागद शमुभाऊंनी एकट्याने लावले; त्यांवर आकडेही नव्हते. दिवे लागले आणि मरिया झालेली माझी मुलगी रूथ कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. बाळ तर कच्च्या कैरीच्या रंगाचं. देवदूत शुभवार्ता घेऊन आलाय की दवाखान्याचा रिपोर्ट, तेच कळेना. बाकांवरच्या बायकांनी तोंडं वाकडी केली.

शमुभाऊ स्टेजकडे पाठ करून त्या बायकांकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी बटण बंद केलं आणि जाहीर केलं, "फ्यूज गेला."

फ्यूज गेला नव्हता. सगळे चहाला गेले तेव्हा मी दोन कागद त्यांच्यापुढे धरले. "शमुभाऊ, यातला पोपटी कुठला?"

ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी परीक्षेच्या हॉलमध्ये ठेवतो तसा चेहरा ठेवला. ते हळूच बाकावर टेकले.

"न्हाई कळत, सर. हिरवं-तांबडं मला ल्हानपनापासून कळत न्हाई."

"आणि इतकी वर्षं दुकानात?"

"खोक्यावर नाव लिवल्यालं असायचं. आन् बाईला साडी आवडली का, त्ये तिच्या तोंडावर दिसतं. त्येवढं मला बराबर दिसतं." मग माझा हात धरून म्हणाले, "गावात नका सांगू. लोक हसतील."

वर्णांधत्वाचा धडा मी दरवर्षी शिकवतो. चर्चमध्ये या माणसाशेजारी बसून मी किती वर्षं गाणी म्हटली आणि मला पत्ता नाही. मला माझीच लाज वाटली. मी मार्कर काढला आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर नाव लिहिलं.

नाताळला दिवे लागले. रूथचा चेहरा बदामी उजेडात उजळला आणि बाकांवरून बायकांचा हलकासा "अगं बाई" ऐकू आला. शमुभाऊंनी श्वास सोडला, मीही सोडला. पाळकसाहेब सर्वांदेखत म्हणाले, "रंग म्हणजे शमुभाऊच." शमुभाऊंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. कपाटात सात-आठ रंगीत शर्ट नीट टांगलेले होते. शमुभाऊ पांढऱ्याशिवाय काही घालत नाहीत, त्याला आम्ही साधेपणा समजत होतो.

"मार्था रोज शर्ट-प्यांट जोडीनं काढून द्यायची," ते बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. "तिला एकटीलाच म्हाईत हुतं. ती गेली, तवापासनं एकबी घातला न्हाई. कशावर काय घालावं, कुनाला इचारू?"

मी एकेका शर्टाच्या कॉलरच्या आत रंगाचं नाव लिहीत गेलो. ते शेजारी बसून वाचत होते. "ह्यो मरून व्हय? मला वाटायचं मातकट." त्यांना हसू येत होतं, मलाही.

शेवटच्या शर्टाला मी हात घातला तसा त्यांनी तो काढून घेतला.

"ह्याच्यावर नको, सर. ह्याचा खिसा तिनं शिवलाय. ह्यो वळखू येतो मला."


हे सगळं लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. रविवारी उपासनेला ते तोच शर्ट घालून आले होते.